हेडमास्तरची खुर्ची

"खुर्ची धुवून आण रे," हेडमास्तर शिपायाले म्हणाले. मी अजून खालीच, जमिनीवर.

भातकुलीजवळच्या आमच्या शाळेत दर शनिवारी मास्तरांची बैठक होत होती. चार जण खुर्च्यांवर. पाचवी मी, दाराजवळ तरटावर. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण तरट काही सुटलं नव्हतं. खोटं काहून बोलू, मले कोणी खाली बस म्हणत नव्हतं. माय पाटलापुढं बसे, तशी मीच जाऊन बसत होती.

त्या साली माह्ये गुर्दे बिघडले. तोंड सुजलं, पाय सुजले. अमरावतीच्या दवाखान्यात दोन महिने काढले. गोळ्यांनी सूज उतरली, पण मांड्यांतला जीवच गेला. डॉक्टर म्हणे, या गोळ्यांनी स्नायू कमजोर होतात. चालता येत होतं. खाली बसलं की उठता येत नव्हतं. त्यानं चिठ्ठी देली, बाईले उंच जागी बसू द्यावं.

चिठ्ठी पिशवीतच राह्यली अन् सवयीनं मी तरटावर बसली. बैठक संपली. उठता येईना. सरकत सरकत गेली अन् हेडमास्तरच्या खुर्चीचा हात धरला. इंचू डसल्यावानी ते उठले.

"उठता येत नसेल तर नोकरी सोडा बाई. मी वर कळवतो, बाई कामाच्या राहिल्या नाहीत."

बाकीचे हसले. मी दाराची चौकट धरून उठली. अंगणात माह्याच वर्गातल्या पोरांसमोर शिपाई खुर्ची धूत होता. या नोकरीवर माह्यं अन् मायचं पोट होतं.

घरी माय म्हणे, "चिठ्ठी दाखव न बाई. आजारी हाय म्हन, देतीन ते खुर्ची."

असा संताप आला! मायचा नाही, माह्या स्वतःचाच. पाय धड होते, तवा कोणत्या आजारानं मी तरटावर बसत होती?

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी गेली. हेडमास्तरच्या बाजूची खुर्ची वढली अन् बसली.

"ही काय पद्धत? आजाराचा दाखला आहे का?"

होता. पिशवीत, मांडीवरच होता.

"नाही," मी म्हटलं. "मी मास्तरीण हाओ म्हणून बसली. लिवा वर काय लिवाचं ते."

त्यानं लिवलंच. मीबी लिवलं, तरटासकट सगळं.

घरी येऊन चिठ्ठी चुलीत घातली. उठाले मले आजही भिंत लागते. पाय बरे होवो का न होवो, नोकरी राहो का जावो, कोणापुढं मी आता खाली बसणार नाही.