काळी दोनचा माणूस

आमच्या पालेगावच्या भजनी मंडळात माणसाची ओळख आडनावाने कमी आणि पट्टीने जास्त. मी काळी दोनचा. म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी धरून गाणारा. पुरुषाच्या गळ्याला ती तशी उंच, त्यामुळे मला तिचा माज होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. आम्ही गाव सोडून कात्रपला फ्लॅटमध्ये राहायला आलो, तरी दर गुरुवारी देवळात पहिला अभंग माझाच असायचा.

मग घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल. गाण्याचं विचारलं, तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. काळी दोनला माझा आवाज फाटायला लागला. मी देवळात जाणं सोडलं आणि घरात ज्याच्या त्याच्यावर खेकसू लागलो.

भाता ओढताना टाके दुखायचे, म्हणून पेटीही बंद होती. शेवटी कॉलेजात जाणारी माझी मुलगी मला उल्हासनगरला घेऊन गेली. तिथे लग्नांतल्या हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजून वाजून जुना झालेला एक कीबोर्ड होता. "साईं, सिर्फ डिस्प्ले गया है, आवाज एकदम फर्स्ट क्लास," सिंधी दुकानदार म्हणाला. डिस्प्ले गेला होता म्हणूनच तो आम्हाला परवडला. पट्ट्यांच्या फटींत खरीखुरी हळद अडकलेली होती. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत घरी आणला.

मला त्या बटणांतलं काही कळायचं नाही. सकाळी मुलगीच वायर लावून, चालू करून द्यायची आणि मी काळी दोन दाबून बसायचो. आधी आवाज फाटायचाच. मग एका सकाळी तो लागला. दुसऱ्या दिवशीही लागला. मला इतका आनंद झाला की बायकोने केलेला कोरा चहासुद्धा मी न कुरकुरता प्यायलो. हुरळली मेंढी! लगेच पेटीवाल्या मित्राला फोन केला, "गुरुवारी येतोय. पहिला अभंग माझा."

"पप्पा, इतक्यात नको ना," मुलगी म्हणाली. मी तिला गप्प बसवलं.

देवळात माझ्या जागी गाणारा तरुण पाया पडून बाजूला सरकला. मित्राने न विचारता काळी दोन दिली. पहिली ओळ कशीबशी निघाली, पण वरच्या सुराला गळा असा फाटला की टाळ एकेक करून थांबले. त्या तरुणाने मागून ओळ उचलली आणि मला सांभाळून घेतलं. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला.

घरी येऊन मी कीबोर्डवर बसलो, तशी मुलगी रडायला लागली. "पप्पा, ते मी खाली केलेलं. एक बटण असतं. पट्टी तीच दाबायची, पण आवाज तीन पट्ट्या खालचा, पांढरी एकचा येतो. रोज तुम्ही बसायच्या आधी करून ठेवायचे."

"मला वेड्यात काढलंस?"

"तुम्ही गायला लागलात. घरात नीट बोलायला लागलात. मग कसं सांगणार?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. मी खूप आरडाओरडा केला, पण खरा राग माझ्याच कानांवर होता. जन्म काळी दोनमध्ये गेलेला, आणि मला एवढा फरक कळला नाही? कळला असणार. मला तो ऐकायचाच नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा देवळात गेलो. मित्राचं बोट सवयीने काळी दोनवर गेलं.

"पांढरी एक दे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

त्याने मान वर न करता दिली. अभंग कुठेही न फाटता शेवटपर्यंत गेला. लोक "वा बुवा" म्हणाले. मला मात्र तो आवाज कुणा भलत्याच म्हाताऱ्याचा वाटला, आणि तो म्हातारा मला अजिबात आवडला नाही.