आमच्या घराला चावायची खोड

लाईटीचे किस्से जमवावे लागत न्हाईत. दिवाळीच्या डब्यात चकलीचा चुरा साचतो तसे ते घरात साचतात; डबा जरा हलवला की सगळा वर येतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, "आजी, त्या मशीनचं सांगा की." मी मशीनचं सांगाय बसले की कूलरचं निघतं, कूलरचं संपतंय तोवर इवायाचं. मला लाईटीतलं कायबी कळत न्हाई, हे आधीच सांगते. येती कुठून, जाती कुठं, अन् मधीच एखाद्याला का धरती? शाळेचं तोंड न्हाई बघितलं, पण जे झालं ते माझ्या डोळ्यासमोर झालं, अन् इसरले न्हाई.

* * *

आमचे हे म्हणजे लातुरात जन्मभर किराण्याचं दुकान चालवलेला माणूस. तराजू सोडून कुठल्याच यंत्रावर इश्वास न्हाई.

पोरगा महेश नांदेडला नोकरीला, शनवारी येणार अन् सोमवारी जाणार. सून सुमन आमच्याजवळ. तिला दिवस गेले तसं महेशनं कपडे धुवायची मशीन आणली. मशीनच्या पिनला तीन काड्या, अन् आमच्या मोरीतल्या जुन्या बोर्डाला भोकं दोनच!

ह्यांनी करवत काढली. वरची जाड काडी कराकरा कापली.

मी म्हणले, "अहो, कंपनीनं दिलीय तर कायतरी कामाची असंल की."

"एकीतनं लाईट येती, दुसरीतनं जाती. तिसरी काय पाव्हणी हाय का?"

मशीन गरागरा फिरली. हे माझ्याकडं असे बघाय लागले, जशी काय मशीन ह्यांनीच बनवलीय!

* * *

दोन दिवसांनी सुमन मोरीतून बाहेर आली, हात झटकत. "आत्या, मशीन चावती."

मी गेले, मशीनवर हात ठिवला. कायच न्हाई! तिनं ठिवला की "आई गं!" परत मी ठिवला, परत कायच न्हाई. आता खोटं म्हणावं तर पोरीच्या डोळ्यात पाणी, अन् खरं म्हणावं तर माझा हात ठणठणीत. ती पोटुशी. माझ्या जीवाला घोर लागला.

शेजारची कलावती आली. तिनं मशीनची दृष्ट काढली अन् वर लिंबू-मिरची बांधली. सुमननं मशीनीतले कपडे काढाय हात घातला, पुन्हा चावली.

कलावती म्हणली, "लिंबू वाळकं हुतं वाटतं."

हे बाहेरून वरडले, "मनाचे खेळ हायत सगळे!"

सुमन लई गरीब सभावाची, पण त्या दिवशी बोललीच. "मामंजी, मनाला मुंग्या येत न्हाईत. हाताला येतात."

* * *

मग ह्यांनी बाजारातून टेस्टर आणला. खिशाला पेनासारखा लावून दिवसभर हिंडले. संध्याकाळी मशीनच्या पत्र्याला लावून बघितला, तर आतला इवलासा दिवा लागला!

मला धडकीच भरली. हे मात्र खूश.

"बघ! दिवा लागला. म्हंजे मशीनीत लाईट बराबर येऊन राहिलीय. चांगलं लक्षण हाय!"

मग फ्रीजला लावला, तिथंबी दिवा लागला. हे म्हणले, "लक्ष्मीनारायण हाय घर!"

* * *

उन्हाळ्यात देवणीहून इवाई आले, सुमनचे वडील, लेकीला बाळंतपणाला न्यायला. आपल्याकडं पाव्हणा आला की आधी पाय धुवायला पाणी. इवायानं अंगणात खळाळून पाय धुतले, ओल्या पायानं आत आले अन् लोखंडी कूलरपुढं उभे राहिले. हवा तोंडावर घ्यावी म्हणून जाळीची पट्टी वर कराय गेले.

टोपी एकीकडं, इवाई दुसरीकडं!

"इवाई! तुमचा कूलर मला ढकलून राहिलाय!"

हे जागचे हलले न्हाईत. "हवा जोराची हाय जरा. नवीन मोटर टाकली."

इवाई उठले. कूलरकडं बघितलं, मग दारात उभ्या लेकीकडं बघितलं. आवाजच बदलला त्यांचा. "सुमे, तू फोनवर सांगत हुतीस ते हेच का?"

तिनं मान हलवली.

"पिशवी भर, माय." मग ह्यांच्याकडं वळून म्हणले, "इवाई, राग धरू नका. तुमच्या घरात लेकरू येईल, पण घर चावायचं बंद झाल्यावर. तोवर माझ्या दारात वाढंल."

ती गेली. मशीनवर लिंबू तसंच लटकत राहिलं. नातू झाल्याचा फोन आला, मी साखर वाटली, पण पाळणा कुठं टांगायचा हे कुणीच बोलंना.

* * *

मग मीच वायरमन रज्जाकभाईला बोलावणं धाडलं. त्यानं पिन हातात घेतली अन् कपाळाला हात लावला. "शेटजी, इसकी तिसरी काडी कहां गई?"

हे छताकडं बघाय लागले.

मी इचारलं, "रज्जाकभाई, मशीन तिलाच चावती, मला का न्हाई?"

त्यानं माझ्या पायाकडं बोट केलं. टाचा दुखतात म्हणून डॉक्टरनं मला घरातबी रबरी चप्पल दिलेली. "आजी, तुमी रबरावर. सूनबाई ओल्या फरशीवर उघड्या पायानं. पत्र्यात उतरलेली लाईट तिच्या अंगातून जमिनीत जाती. ती तिसऱ्या काडीतून जायला पायजे हुती."

म्हणजे इतके दिवस काडीचं काम माझी सून करून राहिली हुती!

रज्जाकभाईनं अंगणात खड्डा घेतला, पत्रा गाडला, मीठ-कोळसा भरला, तार जोडली. म्हणला, "उन्हाळ्यात ह्यात बादलीभर पानी टाकत जावा."

हे उसळले. "लातुरात माणसाला नळाचं पाणी आठ-आठ दिवस न्हाई, अन् मी खड्ड्याला पाजू? अन् लाईट जमिनीत गेली तर बिल कुणाला? भूमातेला?"

रज्जाकभाई म्हणला, "शेटजी, भांडी घासलेलं टाका. खड्डा नावं न्हाई ठिवत."

* * *

त्यानं मीटरजवळ एक डब्बाबी बसवला. लाईट कुठं गळाली की तो खटकन सगळं बंद करतो. दुसऱ्या दिवशी ह्यांनी आंघोळीला लोखंडी बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला. खट्! डब्ब्याचं बटन वर केलं. खट्! असं सकाळभर चाललं.

रज्जाकभाईला फोन लावला. "तुझा डब्बा खराब हाय!"

"डब्बा चांगलाय, शेटजी. रॉड फेका."

"रॉड चांगलाय! रोज पाण्यात बोट घालून बघतो मी, किती तापलं ते!"

मग रज्जाकभाई हळूच म्हणला, "शेटजी, तुमी अजून हाय, ही मेहरबानी समजा."

* * *

मोरीतला बोर्ड बदलला, पिन नवी आली, कूलरचंबी काम झालं. एका सकाळी इवाई लेकीला अन् तान्ह्याला घेऊन दारात उभे. मी भाकरतुकडा ओवाळाय निघाले, तर सुमन उंबऱ्याबाहेरच थांबली.

इवाई म्हणले, "इवाई, आधी तुमी. पाय धुवा, चप्पल न घालता मशीनला हात लावा. मग माझी लेक आत येईल."

दारातून मोरी सरळ दिसती. ह्यांनी पाय धुतले. मशीनचं बटन खाली केलं. "शिव शिव शिव" म्हणत डोळे मिटले, अन् एक बोट पुढं केलं.

"आय्यो!"

असे मागं उडाले की माझ्या हातातलं ताट खणखणत अंगणात! तान्हं रडाय लागलं. इवाई वरडले, "बघा! बघा! चल गं सुमे माघारी!"

सुमन हलली न्हाई. "मामंजी, लाईट न्हाई. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हापासून सगळ्या गल्लीत न्हाई."

मग ह्यांचा पारा चढला.

"न्हाई कशी? मला बसला की! मी काय खोटं बोलतो?" असं म्हणून त्यांनी ओला तळवा मशीनवर थापला. "हितं! ह्याच जागी बसला! पार खांद्यापोतर मुंग्या आल्या!"

तेवढ्यात देवघरातला लाल दिवा लागला. फ्रीज घुरघुरला. ह्यांच्या बोटांशेजारी मशीनचा हिरवा दिवा टिमटिमला. हात तिथंच, अन् तोंड चालूच. "अजूनबी दंड दुखतोय माझा!"

सुमननं त्या हिरव्या दिव्याकडं बघितलं, त्या हाताकडं बघितलं. लेकरू खांद्याला लावलं अन् उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"हाव मामंजी. बसला असंल."