साळवेकाका आणि चिंगीच्या तीन शिफ्ट

समस्त नाशिककरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या बिऱ्हाडाचे भवितव्य एका वीतभर कुत्रीच्या मुतण्यावर अवलंबून होते.

कुत्रीचं नाव चिंगी. मेहुण्याने ती नामपूरहून कांद्याच्या ट्रकमधून आणली. वाटेत हॉर्न ऐकून इतकी भेदरली होती, की भांडं पडलं तरी पलंगाखाली शिरायची आणि तिथेच ओलं करायची. घरमालकीण वत्सलाबाईंनी निकाल दिला, "रविवारपर्यंत बाहेर जायला शिकली नाही, तर सोमवारी कुत्री तरी जाईल, नाहीतर तुम्ही तरी." मी दोर बांधून ओढलं, ती चारही पाय ताणून फरशीला चिकटली. बायको पुसून पुसून रडायला लागली.

तेव्हा शेजारचे साळवेकाका आले. ओझरच्या कारखान्यात फिटर. आले ते जमिनीवर बसले, चिंगीकडे पाठ करून. "नवं मशीन आधी हातानं फिरवायचं," ते भिंतीला म्हणाले, "एकदम लोड दिला की गेलं." पाऊण तासाने चिंगीने त्यांच्या बोटांतला भाकरीचा तुकडा उचलला. दोर त्यांनी तिच्या गळ्यात नुसता सोडून दिला. "फिरू दे घेऊन. तिचा तिला वाटला पाहिजे."

"लोक म्हणतात, केलेल्या घाणीत तिचं नाक घासा," मी म्हणालो.

"तुमचं घासलं असतं, तर तुम्ही मॅट्रिक झाला असता का?"

मग त्यांनी शिफ्ट लावल्या. झोपून उठली की पहिली, जेवली की दुसरी, खेळली की तिसरी. दर वेळी अंगणातल्या त्याच कडुनिंबाखाली. कारखान्यातून येऊन डबाही खाली न ठेवता ते तिला घेऊन उभे राहत. चिंगी तिथे नुसती थरथरायची आणि घरात येऊन मोकळी व्हायची. शनिवारी बायकोने भांडी बांधायला काढली.

"काका, उद्या रविवार!" मी म्हणालो.

"तिला कुठे वार कळतात?"

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण कुणावर आवाज चढवावासा वाटला, की मला त्यांची ती शांत पाठ दिसते. त्या रविवारी मात्र ती समोर असूनही दिसली नाही.

वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या. काका झाडाखाली उकिडवे बसलेले, दोर सैल. चिंगी एकेक पाऊल टाकत आली, माती हुंगली, एक गिरकी घेतली. मागचे पाय किंचित वाकले.

"बस, चिंगे, बस!" मी गरजलो.

ती गोठली. काकांनी डोळे मिटले. आणि वत्सलाबाईंनी माझा दंड गच्च धरला.

"अहो, ओरडताय काय! घाबरेल ना ती!"