शेजारच्या आजींनी दिलेला योद्धा

मंडळी, आज मनाला फार लागलंय.

गेल्या वर्षी इथे टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या शेजारच्या जपानी आजींनी माझ्या अर्णवला चिलखत घातलेला योद्धा बाहुला दिला. त्यांच्या मुलाच्या लहानपणीचा. मी कौतुकाने देवाशेजारी मांडला.

आज ऑफिसातली जपानी मैत्रीण घरी आली आणि तो पाहून दचकली. "हा ज्याचा असतो त्या मुलाची संकटं स्वतःवर घेतो. दुसऱ्याच्या मुलाला देत नाहीत. मुलगा मोठा झाला की देवळात नेऊन निरोप देतात."

मी तडक आजींकडे गेले. त्या ओशाळल्या. "देवळापर्यंत जाणं होईना. वाटलं, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला कुठे बाधणार!"

वर्षभर दर रविवारी मी त्यांना गरम पोहे नेऊन देतेय!

अर्णव शाळेत जाताना आधी बाहुल्याला नमस्कार करतो, मग दारात उभ्या आजींना. उद्या सकाळी त्याला काय सांगू?