अजून एक केसभर

"अजून एक केसभर," असं म्हणताना गुरुजींचा डावा डोळा मिटायचा आणि जीभ उजव्या गालात जाऊन बसायची. तुम्ही कधी बोईसरजवळच्या पाम गावी आमच्या आळीत आला असतात, तर पडवीत मशीनवर वाकलेला हा माणूस तुम्हालाही दिसला असता, आणि तुम्हीही माझ्यासारखंच म्हणाला असतात, "गुरुजी, बास झालं, हात मागे घ्या." उपयोग झाला नसता. तो केस ते काढायचेच. आणि लोखंडाचं असं असतं, की एकदा काढलं ते परत लावता येत नाही.

केस म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्या धंद्यात इंचाखाली सूत आणि सुताखाली केस. मी बोईसरच्या एमआयडीसीत जन्मभर टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. माझ्या लेथवरून जो लोखंडाचा कीस निघाला, त्याची दोरी वळली असती तर चिंचणीच्या किनाऱ्यापासून थेट अरबस्तानापर्यंत होड्या ओळीने बांधून ठेवता आल्या असत्या. हे मी गुरुजींना सांगितलं की ते चष्मा वर करून म्हणायचे, "उस्ताद, मागच्या खेपेला डहाणूपर्यंत होती." शाळामास्तर. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही. ते मूळचे साताऱ्याकडचे. इकडे डोंगरातल्या पाड्यांवर मुलांना पाढे शिकवता शिकवता केस पिकले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी घर बांधून राहिले. माझ्या वर्कशॉपात पोरं मला उस्ताद म्हणतात हे कळल्यावर तेही मला उस्ताद म्हणू लागले. एका गुरुजींनी दुसऱ्याला उस्ताद म्हणावं आणि दुसऱ्याने त्यांना गुरुजी, असा आमचा व्यवहार होता. शिकला मात्र कोणी नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माकुणसारच्या. लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. त्याच्या गुडघ्याच्या सांध्यावर एक छोटी चौकोनी कडी. उभं राहून पाय सरळ केला की ती कडी आपल्या वजनाने खाली घसरते, टक, आणि पाय खांबासारखा ताठ होतो. बसायचं असेल तर कडी बोटाने वर ओढायची. त्या घरात संसारभर तो टक वाजला. गुरुजी वर्तमानपत्राआडून डोकं न काढता सांगायचे, "उठली. आता चहा येणार." आणि चहा यायचा.

मग कडी झिजली. वाजेनाशी झाली. चालता चालता हळूच वर सरकायची आणि गुडघा दगा द्यायचा. मुंबईत ज्याने कॅलिपर बनवला होता त्याचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइल विकत होते. नवीन हलका प्लॅस्टिकचा आणला, त्याने मांडी सोलली. वहिनींनी तो खुंटीला लावला आणि म्हणाल्या, "ह्या पाय माझा नाय. दुकानाचा हाय."

मी म्हटलं, "गुरुजी, एवढीशी कडी. चहाच्या सुट्टीत करून आणतो."

"उस्ताद," ते म्हणाले, "गृहपाठ पालकांनी करायचा नसतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. "तुम्ही आज कराल. ती पुन्हा झिजेल, तेव्हा तुम्ही कामावर असाल नाहीतर वर असाल. तेव्हा मी काय करू? मला शिकवा."

म्हणून आम्ही बोईसरला भंगारवाल्याकडे गेलो. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातला लेथ तिथे चिंचेखाली गंजत उभा होता. भंगारवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, "गुरुजी, ये मशीन नहीं, बूढ़ा हाथी है. खाएगा ज़्यादा, चलेगा कम."

"चलेगा," गुरुजी म्हणाले. "हम भी वैसाइच है."

तो हत्ती पडवीत ठेवला तेव्हा पडवी बोटभर खचली. पहिल्यांदा सुरू केला त्या दिवशी आळीतल्या सगळ्या कपांनी बशा सोडल्या, आणि समोरच्यांची कोंबडी जी बसली ती अंड्याचा विषयच विसरली. पहिल्याच धड्यात गुरुजी लोखंड पकडून फिरवणाऱ्या चकची चावी चकमध्येच विसरले आणि बटण दाबलं. चावी उडाली ती पपईच्या झाडातून आरपार जाऊन माझ्या चुलत्याच्या विहिरीत पडली. त्या पपईला पुढे चार बाजूंनी फळं लागली, पाहिजे तर विचारा कोणालाही.

दुसऱ्या दिवशी पडवीच्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा तयार. त्यावर वळणदार अक्षरात: चावी खिशात. बाह्या वर. चष्मा डोळ्यावर. रोज मशीन सुरू करण्याआधी गुरुजी हाताची घडी घालून ते मोठ्याने म्हणायचे आणि मलाही म्हणायला लावायचे. जन्मभर लेथवर काढलेला मी, पडवीत उभा राहून "चावी खिशात" असं सुरात म्हणत होतो. रस्त्याने जाणाऱ्या कंपनीच्या पोरांनी ते ऐकलं आणि वर्कशॉपात माझी जी अब्रू होती ती तिथेच संपली.

पाठांतर उत्तम. हात मात्र देवाने दिलेला नव्हता. हे मी त्यांच्यावर माया करून सांगतो: गुरुजींइतका वाईट टर्नर मी पाहिला नाही. त्यात मशीनही झिजलेलं. त्याच्या हँडलला खेळ होता. उलटं फिरवलं की पाव फेरा नुसता फुकट जायचा, हँडल फिरतंय आणि हत्यार जागचं हलत नाही, सरकारी कचेरीसारखं. हे गुरुजींना समजायचं, पटायचं, ते फळ्यावरही लिहायचे. पण माप जवळ आलं, की डावा डोळा मिटलाच.

"झालं, गुरुजी. थांबा."

"थोडं घट्ट वाटतंय. अजून एक केसभर."

आणि गेलं.

कडीच्या सांध्यात आधी एक खिळा लागतो. तो लेथवर व्हायचा. कितीतरी खिळे बारीक होऊन वाया गेले. एक मात्र जमला, आणि कसा जमला ते ऐका. माप अगदी बरोबर आलं होतं, गुरुजींनी डोळा मिटला, जीभ गालात गेली, हात हँडलवर गेला, आणि वीज गेली. जिथे अणुभट्टीवर वीज तयार होते तिथून हाकेच्या अंतरावर आमचं घर, आणि त्या दिवशी वीज जाऊन आमच्यावर उपकार झाले. मी तो खिळा गरम गरम काढून थेट वहिनींच्या हातात दिला. गुरुजींनी दुपारभर मशीनकडे पाठ फिरवली. संध्याकाळी म्हणाले, "कॉपी करून पास झाल्यासारखं वाटतंय."

कडीसाठी मिलिंग मशीन लागतं. तेही त्याच भंगारवाल्याकडून आलं. आधी भोक, मग त्याची चौकोनी खाच, मग कानशीने कोपरे. कडी तयार झाली की गुरुजी आत जायचे, वहिनींच्या पायाशी उकिडवे बसायचे, कडी पट्टीवर चढवायचे आणि कान गुडघ्याला लावायचे. टक ऐकायला. कडी घट्ट असली तर घसरायची नाही. मग परत पडवीत, अजून एक केसभर, आणि परत आत. आता ती खुळखुळायची.

"झाली हो, चालेल," वहिनी म्हणायच्या.

"पैंजण नाही करायचं मला," गुरुजी म्हणायचे.

नापास कड्यांनी बिस्किटाचा डबा भरला. चिंचणीहून मासे घेऊन येणारी मावशी तो डबा बघून म्हणाली, "गुरुजी, जाल्याला वजन लावायला द्या ना ते." तेव्हापासून गुरुजींच्या कड्या चिंचणीच्या समुद्रात जाऊ लागल्या. मी सांगायचो की त्या जाळ्यांच्या वजनाने तिथला समुद्र बोटभर खोल झालाय. बोंबील घेताना मावशी गुरुजींना दोन जास्त घालायची. म्हणायची, "तुमी चुकवत राहा."

वहिनींचं चालणं मात्र दिवसेंदिवस जोखमीचं होत होतं. एका हाताने भिंत, दुसऱ्याने गुडघा दाबून धरायचा. परसात जाणं सुटलं. माकुणसारला बहिणीकडे जाणं सुटलं. तेव्हा मी एक चलाखी केली. वर्कशॉपात स्वतः एक कडी केली. अशी केली, की ती पट्टीवर ठेवली असती तर तेलावरच्या थेंबासारखी घसरली असती. ती मी गुपचूप गुरुजींच्या मशीनच्या जबड्यात, त्यांच्या अर्धवट कडीच्या जागी लावून ठेवली. कालचंच आपलं काम, असं समजून ते उचलतील, आत जाऊन लावतील, टक वाजेल, आणि सगळ्यांचं भलं होईल.

गुरुजी आले. फळा म्हणून झाला. कडीला मापाचा व्हर्नियर लावला, बघतच राहिले. मग परत लावला. चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं पाड्यावरचं सगळ्यात ढ पोर पहिलं आल्यावर मास्तराच्या चेहऱ्यावर येतं.

"उस्ताद, काल मी हे इतकं बरोबर केलं?"

"तुमचाच हात, गुरुजी. आता हलवू नका. थेट आत न्या."

ते वाकले. उजेडात बघितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत डावा डोळा मिटला.

मी धावलो. पडवी केवढी, तरी मला वाटतं तेवढा मी आयुष्यात धावलो नाही. पोचेपर्यंत कीस खाली पडला होता.

मी दुसरी करायला घेतली. ती व्हायच्या आत वहिनी मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या. जुनी कडी वर सरकली आणि गुडघा गेला. मांडीचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. मग अंथरूण, महिनोन्महिने. पायाखाली उशी घेतल्याशिवाय कळ थांबायची नाही. उशी गुरुजीच ठेवायचे, चार ठिकाणी दाबून, मऊ करून. त्या उशीवर गुडघा वाकला तो वाकलाच. पुढे चाकाची खुर्ची आली. कॅलिपर पडवीत, फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगला.

एकदा गुरुजी बाजारात गेलेले बघून वहिनींनी मला आत बोलावलं.

"भावजी, गुडगा आता सरळ होत नाय. तेल लावून बगितला, डॉक्टरने पण बगितला. पाय सरळ नाय तर कडी पडेल कशी? पण ह्यांना सांगू नका. ते पडवीत असतात तवा निदान माझ्याकडं बगत बसत नाय."

मी कबूल केलं. मी, ज्याच्या पोटात साधी भाजीची बातमी राहत नाही, ते पोटात घेऊन रोज पडवीत उभा राहू लागलो. गुरुजी कडी करायचे. आत जाऊन विचारायचे, "लावून बघू?" वहिनी म्हणायच्या, "आज नको, पाय ठणकतो." गुरुजी परत येऊन मापावरूनच तिला नापास करायचे. आम्ही दोघं फळा म्हणायचो. आवाज आता सुरात लागायचा नाही. पुढे पुढे त्यांनी आत जाऊन विचारणंही सोडलं. मी मनात म्हणायचो, चला, बरं झालं, विसरले.

एका दुपारी मिलिंगवर कडी होती. गुरुजींनी व्हर्नियर लावला आणि मशीन बंद केलं. मी बघितलं. माप यायला अगदी थोडं बाकी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मीच म्हणालो, "एक केस राहिलाय, गुरुजी."

"माहीत आहे."

"मग काढा. मी हँडल धरून उभा राहतो, पुढे जाऊ देत नाही. आज होतेय बघा."

त्यांनी फडक्याने हात पुसले, एकेक बोट सुटं करून. डावा डोळा उघडाच होता.

"राहू दे, उस्ताद. काढला, तर आत जाऊन लावून बघावं लागेल."

आतून खुर्चीचं चाक कुरकुरलं. वहिनींनी विचारलं, "झाली का हो कडी?"

"नाही गं," गुरुजी म्हणाले. "अजून एक केसभर."

त्यानंतर ते रोज मशीनपाशी बसायचे, पण बटण दाबायचे नाहीत. फडकं मारायचे, तेल द्यायचे. थंडीत एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

खाऱ्या वाऱ्याने लेथ आता पार गंजलाय. भंगारवाला येऊन बघून गेला. म्हणाला, हत्तीला उचलायला आता दुसरा हत्ती लागेल. फळ्यावरची अक्षरं अर्धी उडाली आहेत. मिलिंगवर वहिनींची एक जुनी साडी पांघरलेली आहे, आणि तिच्याखाली जबड्यात ती कडी. ती तेवढी गंजलेली नाही, कारण येता जाता मी तिच्यावरून तेलाचं बोट फिरवतो. एक केस जास्त आहे. काढायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

आत वहिनी खुर्चीत असतात. चहा आता मीच करतो. त्यांना बरं वाटावं म्हणून मोठमोठ्याने गप्पा हाणतो. माझ्या लेथच्या किसाची दोरी हल्ली पार आफ्रिकेपर्यंत पोचते. ते सांगून झालं की मी जरा थांबतो. वहिनीही थांबतात. पडवीतून कोणी डहाणू म्हणत नाही.