खुणेविना उघडलेला डबा

मी चौथी पास. पाचवीत गेलो होतो, पण महिनाभरातच मास्तर आणि मी एकमेकांना कंटाळलो. पुढे फरीदाबादला, ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. मी उघडलेलं मशीन परत बसवल्यावर एखादा नट उरला, असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी त्याचं ऐकणार नाही. याचं कारण एकच : उघडण्याआधी खूण. दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे पंच ठोकून एक ठिपका यावर, एक त्यावर. पुढच्या जोडीला दोन-दोन. हाताखाली आलेल्या डिप्लोमावाल्यांना मी आधी हे शिकवायचो, मग बाकीचं. लेकीला तर सहा वर्षांची असताना शिकवलं. सायकल मी उघडत होतो आणि खडू तिच्या हातात होता.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे माझी नाचक्की आहे.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं गाझियाबादला लेकीकडे राहायला गेलो. तेव्हा त्या भागात माणसांपेक्षा क्रेन जास्त. गच्चीवर गेलं की चारी बाजूंना अर्धवट टॉवर आणि त्यांना गुंडाळलेलं हिरवं कापड. लेक त्या टॉवरांचे नकाशे काढायची. जिने, लिफ्टचे खड्डे, पाण्याच्या टाक्या. तळमजल्यावर तिचं ऑफिस, सात माणसं, सात कॉम्प्युटर. पण सगळ्यांचं काम साठायचं एकाच काळ्या डब्यात. तो डबा जावयाने स्वतः जुळवला होता.

जावई दिल्लीतच जन्मलेला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. इंजिनियर. मराठी बोलतो, पण मध्येमध्ये अडतो आणि मग हिंदीचा हात धरतो. त्याने मला एकदा समजावलं होतं की डब्यात चार डिस्क आहेत आणि त्यांची मोट बांधण्याचं काम एक सॉफ्टवेअर करतं. लिखाण चौघींत वाटलेलं असतं आणि सोबत हिशेबाच्या खुणा असतात. एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघी मिळून तिच्या वाटचं सांगू शकतात. "आणि दोन मेल्या तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाबा, असं कधी होत नाही यार." सासऱ्याला यार म्हणाला म्हणून स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

आता खंडेनवमीचं. कारखान्यात सप्टेंबरमध्ये विश्वकर्मा पूजा व्हायची, ती सगळ्यांची. माझी खंडेनवमी वेगळी, ती मी एकही वर्ष चुकवली नाही. हत्यार पूजायचं तर आधी उघडून, पुसून, तेलपाणी करून. मळक्या हत्याराला कुंकू लावणं मला पटत नाही. त्या वर्षी ऑफिसला दोन दिवस सुट्टी होती. लेक म्हणाली, डब्याची पूजा करा, पण बाहेरून. मी हो म्हटलं. मग जाळीतून आत पाहिलं तर धुळीची गोधडी साचलेली.

बटण दाबून डबा रीतसर बंद केला आणि उघडला. चारही डिस्क काढल्या, ब्रशने धूळ झटकली, ताटात मांडल्या, प्रत्येकीच्या लेबलवर कोरडं कुंकू टेकवलं. आमची ही दारात उभी राहून म्हणाली की पोरीने बाहेरून सांगितलं होतं. मी म्हटलं, मशीन तुला कळतं की मला? ती गेली. ताटात झेंडूची फुलं मांडताना माझ्याकडून डिस्क इकडच्या तिकडे झाल्या. चौघी एकसारख्या. मग एकेक उचलली आणि हाताला येईल त्या जागी बसवली. डबा सुरू झाला, दिवे लागले. मी झाकण लावलं आणि वर एक झेंडू ठेवला.

खूण केली नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी दुपारच्या चहापर्यंत सगळं ठीक चाललं. मग सातही माणसांचे नकाशे एकदम अडकले. जावयाने पडद्यावर पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकला. चारपैकी दोन डिस्क मोटेतून बाहेर पडल्या होत्या. सीडीवर नक्कल होती ती होळीपर्यंतची. नंतरचं सात महिन्यांचं सगळं काम फक्त त्या डब्यात, आणि शुक्रवारी एका बिल्डरला अख्ख्या टॉवरचे नकाशे द्यायचे. ते गेले तर लेकीचं ऑफिस उठलंच म्हणायचं. तिने सगळ्यांसाठी चहा परत सांगितला आणि स्वतःचा कप तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई खुश दिसला. इंटरनेटवर कोणीतरी उपाय सांगितला होता : त्याच डिस्कवर नव्याने मोट बांधायची, फक्त त्यांचा क्रम बरोबर द्यायचा. क्रम त्याने डबा जुळवताना कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. पहिलीच्या जागी पहिली, दुसरीच्या जागी दुसरी. त्याने कागद बघत टाइप करायला घेतलं. मी चष्मा पुसत मागे उभा होतो. विचारलं, क्रम चुकला तर?

"मग खिचडी, बाबा. लिहिलेल्यावर नवीन लिहिलं जाईल. पण क्रम बिल्कुल बरोबर आहे, हा बघा."

गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं, असं एक क्षण मनात आलं. खोटं कशाला लिहू. मग त्याचं बोट एंटरच्या मोठ्या बटणाकडे जाताना दिसलं आणि मी त्याचं मनगट धरलं. जावयाचं मनगट धरायची ती पहिली वेळ.

"थांबा. त्या कागदातला क्रम आता नाही. मी डबा उघडला होता. डिस्क काढून पुसल्या. परत कुठली कुठे बसवली, मला माहीत नाही."

ऑफिसात सात माणसं होती. त्यातल्या चौघांना मराठी कळत नव्हतं, पण कळलं सगळ्यांना.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. का उघडला, हे विचारलं नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही खूण केली नाही?"

कारखान्यात साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्या कधी लागल्या नाहीत. हे लागलं. मी नाही म्हणालो आणि स्टुलावर बसलो.

जावई मात्र उठून डबा उघडायला लागला. आत चार कुंकवाचे ठिपके बघून त्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. एका डिस्कची केबल पुरती बसलीच नव्हती, पंख्याच्या थरथरीने सुटली होती. म्हणजे ती मेलेली नव्हती. मग त्याने एक गोष्ट सांगितली आणि माझ्या जिवात जीव आला : प्रत्येक डिस्कवर तिचा नंबर आणि शेवटच्या कामाचा आकडा तिच्या आतच लिहिलेला असतो. म्हणजे खूण होती! मी केली नसली तरी बनवणाऱ्याने केली होती. मी म्हटलं, मग काल वाचली का नाही? तो म्हणाला, घाबरलो होतो.

आकडे वाचले. दोघींचे तंतोतंत सारखे. केबल सुटलेलीचा किंचित मागे. चौथीचा मात्र पार मागे, जून महिन्यातला. म्हणजे ती उन्हाळ्यातच बाहेर पडली होती आणि चार महिने डबा तिघींवर चालला होता. डब्याने तसं पत्रही पाठवलं होतं, रोज एक, अशा ईमेलवर, जो कोणीच उघडत नव्हतं. तो ईमेल जावयाचा. आता स्टुलावर बसायची पाळी त्याची होती. मी सरकून अर्धं स्टूल दिलं.

तो लगेच जोडणी करायला निघाला, पण मी आडवा आलो. मूळ तुकड्यावर कानस चालवायची नाही. आधी नक्कल, मग कारागिरी. तो म्हणाला यात दोन दिवस जातील. मी म्हटलं जाऊ देत, शुक्रवार अजून आला नाही. लेक म्हणाली, बाबांचं ऐक. तो नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन तेवढ्याच मोठ्या नव्या डिस्क घेऊन आला. या वेळी मी प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने ठिपके दिले. एक, दोन, तीन. जुन्या तिघींवरून नव्या तिघींवर अक्षर न् अक्षर उतरवलं. मी शेजारी बसून पडद्यावर पुढे सरकणारा आकडा बघत राहिलो. सात माणसं मटार सोलत बसली, कारण आमच्या हिने त्यांना रिकामं बसू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी जावयाने जुन्या डिस्क कपाटात ठेवल्या आणि नकलांची मोट बांधली. नवी बांधायची नाही, आहे तीच जोडायची. थोडा मागे असलेला आकडा चालवून घ्यायचा, जूनवालीला आत घ्यायचं नाही, आणि आधी नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही. पडद्यावर कंसात तीन इंग्रजी यू उमटले आणि चौथ्या जागी आडवी रेघ : तिघी कामावर, एक गैरहजर.

लेकीने एक नकाशा उघडला. जिना होता. तिने पायऱ्या मोजल्या, खरोखर बोट लावून मोजल्या, आणि सोमवारचा थंड चहा आठवल्यासारखा कप शोधू लागली. सोमवारी दुपारच्या दोन फायली तेवढ्या परत काढाव्या लागल्या. शुक्रवारी नकाशे बिल्डरकडे गेले.

मग चौथी नवी डिस्क आत घालून तिलाही तिचा वाटा भरून दिला. त्या दिवसापासून पडद्यावर चार यू आहेत की नाही हे बघायचं काम लेकीने मला दिलं. जावयाने ईमेलची व्यवस्था नीट केली आहे म्हणतात, ती त्याची तो जाणे. मी रोज सकाळी नऊला खाली जायचो, चारही मोजायचो, वहीत सही करायचो. पुढच्या खंडेनवमीला लेकीने स्वतः झाकण उघडून दिलं. ताट मी धरलं होतं. रंगाची डबी तिच्या हातात होती, आणि डिस्कवर जुने ठिपके स्पष्ट दिसत असूनही तिने त्यांवर पुन्हा रंगाचा एक हात दिला.