डावखुरा वर जाणार, असं मी म्हणालो

सन २०२३. मला शहात्तरावं लागलं होतं. टेक्सासात मुलाकडं राहायला येऊन चार वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात नात एका बेसबॉल क्लबात नोकरीला लागली. क्लब मायनर लीगचा. म्हणजे पोरं इथं तयार होतात आणि त्यातली थोडीच वर, मोठ्या लीगमध्ये जातात. कोण जाईल, कोण इथंच राहील, ते ओळखून लिहून द्यायचं हे तिचं काम.

मायनर हा शब्द मला कुणी शिकवायला नको होता. मी चौथी नापास, पण तीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. मोठ्या कालव्याला जो लहान पाट फुटतो त्याला आम्ही मायनरच म्हणायचो. आमचं पाणी मोठ्यातून लहानात उतरायचं, ह्यांचं उलटं चढतं, एवढाच फरक.

रविवारी दुपारी ती मला मॅचला न्यायची. ह्यांच्या एका मॅचला नऊ इनिंगा. तिच्या साहेबांचा जीव एका दांडग्या पिचरवर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोरावर होता. फलकावर त्याचा स्पीड बघून लोक उभे राहायचे.

"आजोबा, नाइन्टी-एट! हा नक्की जाणार."

"पाचव्या इनिंगला सांग मला."

पाचव्या इनिंगला त्याचं कोपर खाली आलं आणि बॉल भलतीकडंच जायला लागले. पुढच्या रविवारी एक डावखुरा टाकायला आला. स्पीड बेताचा. पण पहिला बॉल जिथं पडला, सातव्या इनिंगलाही तिथंच.

"हा जाईल," मी म्हणालो.

"तो सव्वीसचा आहे, आजोबा. टू ओल्ड."

"मग मी कोण? हे बघ पोरी, हेडला, पाट सुरू होतो तिथं, पाणी सगळ्यांचंच जोरात असतं. टेलच्या शेतात, शेवटी, किती पोचतं ते बघायचं."

ती हसली. पण घरी येऊन तिनं लॅपटॉपवर मागच्या सगळ्या मॅच काढल्या, शेवटच्या इनिंगा तेवढ्या वेगळ्या केल्या, आणि स्वतःच्या नावानं पहिला रिपोर्ट दिला: डावखुरा वर जाईल.

मुलगा माझ्यावर चिडला. "अण्णा, तिची पहिली नोकरी आहे. तुम्ही नका पडू त्यात."

"मी कुठं पडलो? तिनं बघून लिहिलंय."

दहा-बारा दिवसांनी दुपारी नातीचा तिच्या आईला फोन आला. सूनबाईनं मला तेवढंच सांगितलं, "त्या डावखुऱ्याला रिलीज केलं म्हणे."

रिलीज! आमच्या खात्यात रिलीज म्हणजे पाणी सोडलं, दार उघडलं, निघालं पुढं. मी सूनबाईला शिरा करायला लावला. शेजारच्या नागपूरच्या काकूंना वाटी देऊन आलो. संध्याकाळी मुलगा आला, शिऱ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "अण्णा, इथं रिलीज म्हणजे काढून टाकलं."

"काढून टाकलं तर सोडलं कशाला म्हणतात?"



नात आली ती डोळे लाल करून. साहेबांनी सांगितलं होतं, उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हण, चूक झाली, रिपोर्ट मागं घेते.

"तुझे आकडे खोटे होते?"

"नाही."

"मग कसली चूक?"

"असं नसतं, आजोबा! मी नवीन आहे. सगळे हसतायत."

मी तिला सांगितलं की एकदा आमच्या साहेबानं मला टेलला पाणी पोचल्याचं रजिस्टरात लिही म्हणून दम दिला होता. पोचलं नव्हतं. मी सही केली नाही. माझी बदली झाली, लांब, बायकापोरांसकट. तरी त्या पानावर माझी सही आजही नाही.

"तुमचं वेगळं होतं," म्हणून तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

डावखुऱ्याचं पुढं काय होईल ते मला माहीत नव्हतं. पण मी बघितलं होतं ते खरं होतं. कुणी घरी पाठवलं म्हणून ते खोटं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किल्ली घेऊन बाहेर आली तेव्हा मी गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो. इस्त्रीचा सदरा, टोपी, गाडीचा पट्टासुद्धा लावलेला.

तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं. "आजोबा, उतरा. लेट होतंय."

"मी येतो मीटिंगला. इंग्रजी येत नाही, पण बसता येतं."

"अहो, मी मागं नाही घेणारे रिपोर्ट! ठरवलंय मी. आता तरी उतरा."

मी माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं.